निळ्या झाकणाची नळी

एप्रिलमधल्या एका सकाळी आमच्या प्रयोगशाळेत सायट्रेटची, म्हणजे निळ्या झाकणाची, एक नळी आली. सोबतच्या चिठ्ठीवर ‘वय २३, स्ट्रोक, थ्रॉम्बोफिलिया प्रोफाइल’ (रक्तात गुठळ्या होण्याच्या प्रवृत्तीच्या तपासण्या) एवढेच होते. रक्त गोठण्याला आळा घालणारे मुक्त प्रोटीन एस हे प्रथिन ३१ टक्के, म्हणजे कमी आले आणि मी शेरा न लिहिता अहवालावर सही केली.

दुपारी वॉर्डातून फोन आला. रुग्ण अकरा दिवसांची बाळंतीण होती. मेंदूतले रक्त परत नेणारी मोठी शीर गुठळीने बंद होऊन तिला दोन झटके आले होते, उजव्या हातात जोर नव्हता, आणि माझा कागद पुढे धरून सासूबाई तिच्या आईला विचारत होत्या, “रक्तातला दोष लग्नाआधी का नाही सांगितलात?”

मी तडक वॉर्डात गेले. गरोदरपणात प्रोटीन एस उतरतेच, बाळंतपणानंतरही काही आठवडे ते कमी राहते आणि ताज्या गुठळीत खर्चीही पडते. त्यामुळे त्या दिवशीच्या आकड्यावरून आनुवंशिकतेबद्दल काहीच ठरत नव्हते. “हा आकडा बाळंतपणाचा आहे, माहेरचा नव्हे,” असे मी सासूबाईंना सांगितले. बाधेल म्हणून ऐन उन्हाळ्यात तिला पाणी बेतानेच दिले जात होते, हेही तेव्हाच कळले; शरीरात पाणी कमी पडले की गुठळीचा धोका वाढतो.

जनुक मात्र बाळंतपणाने बदलत नाही, म्हणून डीएनए तपासणी केली, आणि त्या निकालाने मला अडचणीत आणले. रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर फाइव्ह या घटकाच्या जनुकातला ‘लायडन’ नावाचा बदल, त्याच्या दोनपैकी एका प्रतीत, निघाला. नेदरलँड्समधल्या लायडन येथे १९९४ मध्ये ओळखल्या गेलेल्या या बदलात ५०६व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन असते, त्यामुळे गोठण्याला लगाम घालणाऱ्या प्रोटीन सी-ला तो घटक नीट कापता येत नाही. पुन्हा त्याच माणसांसमोर जाऊन मला सांगावे लागले की आनुवंशिक काहीतरी आहे, पण ते वेगळेच आहे. बदललेली एकच प्रत असलेल्या बहुतेकांना जन्मभर गुठळी होत नाही, मात्र इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या आणि पुढच्या गरोदरपणाआधी डॉक्टरांना भेटायचे. सासूबाईंनी हळूच नातवाचे विचारले. “निम्मी शक्यता,” मी म्हणाले.

सहा महिन्यांनी वॉरफरिन हे गुठळ्या रोखणारे औषध थांबवले आणि त्यानंतर महिन्याभराने प्रोटीन एस ७४ टक्के, म्हणजे व्यवस्थित आले. सुधारित अहवाल न्यायला ती स्वतः आली. मूल उजव्या हातावर होते. चिठ्ठीवर आता ‘गरोदर अथवा बाळंतपणाचा कितवा दिवस’ असा रकाना आहे. निम्म्या वेळा तो कोराच येतो, आणि मग मी वॉर्डात फोन लावते.