एकच पाय सुजला तर

बाळंतिणीचे पाय सुजतातच, असं आमच्या साखर पेठेत कुणीही सांगेल. ते खोटं नाही. पण दोन्ही पाय सुजणं वेगळं आणि एकच सुजणं वेगळं.

माझ्या वहिनीचा डावाच पाय सुजला. सिझर होऊन ती नुकतीच घरी आलेली, आणि आईनं खाटेवरून उतरायला मनाई केलेली. शेजारच्या काकू तेल घेऊन पाय चोळायला बसणार, तेवढ्यात मी टेप काढला. शिवणकाम करते, टेप गळ्यातच असतो. गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटरनं मोठी, दाबली की दुखत होती. काकूंना थांबवलं आणि रिक्षा बोलावली.

शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर तीन सेंटिमीटरचा फरकही डॉक्टर गंभीरपणे घेतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त लवकर गोठतं. रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून शरीरच तशी तयारी करतं. त्यात ऑपरेशन आणि पडून राहणं. डावाच पाय का, तर पोटात डावीकडची शीर उजव्या धमनीखाली दाबली जाते.

डॉक्टरांनी विचारलं, माहेरी कुणाला असं झालंय? वहिनीच्या मावशीला झालं होतं. हे कुणी आपणहून सांगत नाही, पण सांगायलाच हवं. डी-डायमर, म्हणजे गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी, त्यांनी केली नाही. बाळंतिणीत ती एरवीही वाढलेलीच असते, त्यातून काही कळत नाही. सरळ डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली. मी शेजारीच उभी होते. डॉक्टर जांघेत प्रोब दाबायचे तेव्हा पडद्यावर उजवी शीर चपटी होऊन मिटायची. डावी मिटलीच नाही. आत गुठळी होती.

ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. अचानक धाप, श्वास घेताना छातीत कळ, थुंकीत रक्त, चक्कर, यातलं काहीही दिसलं तर बाळंतीण दमली असेल म्हणून बसू नका, १०८ ला फोन करा.

वहिनीला पोटात हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली. अंगावर पाजायला त्यांची आडकाठी नाही, हे ऐकून तिला केवढं हायसं वाटलं! औषध किमान तीन महिने चालेल. पाळणा लांबवायला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तिला चालणार नाहीत, आणि पुन्हा दिवस गेले तर पहिल्याच तपासणीला ही फाइल दाखवायची आहे.