गुळाचा चालतोय की

सांगलीत, विश्रामबागेत एक चहाचा गाडा आहे, बोर्डावर मोठ्या अक्षरात 'गुळाचा चहा'. परवा भर दुपारी मामांना बँकेत नेलं होतं, पासबुक भरून झालं, बाहेर पडलो आणि मामा थेट तिकडंच वळले. "अहो मामा, शुगर..." एवढं म्हणेपर्यंत यांनी दोन बोटं वर करून ऑर्डर पण दिली. "अगं गुळाचा हाय ह्यो. गुळाचा चालतोय की." गाडेवाल्यानंही मान डोलावली, आपल्याकडं निम्मं गिऱ्हाईक शुगरवालंच असतंय म्हणाला, तेही अगदी अभिमानानं.

आता ज्या गावाच्या मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांचे, म्हणजे ढेपांचे, सौदे निघतात आणि कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडलं की साखर कारखान्याचं धुराडं दिसतं, तिथल्या माणसाला गूळ आणि साखर एकाच उसाची दोन पोरं आहेत हे कुणी सांगायचं? गुळात थोडं लोह असतं, थोडी खनिजं असतात, मान्य. पण बाकी बहुतेक सगळं सुक्रोजच, रक्तात जाऊन साखरेसारखीच साखर वाढवणारं. आणि कपाला चमचाभर गुळातून लोह ते किती येणार, त्यात चहातली टॅनिन नावाची तुरट द्रव्यं पोह्याभाकरीतलं लोह नीट अंगी लागू देत नाहीत ते वेगळंच. हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी शांतपणे फुंकर मारली, घोट घेतला आणि म्हणाले, "डॉक्टर साखर बंद करा म्हणालाय. गुळाचं काय बोलला न्हाय." यावर काय बोलणार, सांगा.

गाडेवाल्याचा हात मात्र बघण्यासारखा होता. पाणी, पावडर, ठेचलेलं आलं आणि गूळ एकत्र उकळून घेत होता, आणि दूध दुसऱ्या पातेल्यात वेगळं तापत ठेवलेलं. गॅस बंद केला आणि मग वरून दुधाची धार सोडली. उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटतं, गुळात जरा आंबटपणा असतो ना, म्हणून ही कसरत. घरी गुळाचा चहा करून बघणाऱ्या निम्म्या बायका इथंच फसतात आणि मग दुधाला नाहीतर दूधवाल्याला शिव्या घालतात.

बाकी चहाबद्दल आपल्याकडं जेवढे गैरसमज आहेत तेवढे देवाबद्दल पण नसतील. आणि त्या सगळ्यांचा राजा म्हणजे 'चहा पिलं की काळं होतं'.

सुट्टीत आम्ही तासगावकडं आज्जीकडं असायचो. दुपारी तीनला चुलीवर आधण चढायचं आणि आज्जी चहा गाळायची ती फडक्यातून. जुन्या धोतराचं मऊ फडकं, मुळात पांढरं, पण तोवर पार तपकिरी झालेलं, मधोमध तर जवळजवळ काळं. त्यात चोथा गोळा व्हायचा, मग आज्जी फडक्याला पीळ देऊन शेवटचा थेंब काढायची, चटके बसायचे नाहीत का तिला कोण जाणे. फडकं धुऊन परत खुंटीला. आम्ही पोरी चहा मागायला गेलो की ती त्या फडक्याकडं बोट दाखवायची, "बघ, त्याचं काय झालंय." एवढा ढळढळीत पुरावा समोर लटकत असताना कोण चहा मागणार? कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावर ठरतो, चहा आतून जाऊन कुणाला रंगवत नाही, रंगवलेच तर दात रंगवतो, हे सगळं फार पुढं कळलं. पण एक गोष्ट तेव्हाही खटकायची. त्याच पडवीत बसून माझे दोन्ही मामेभाऊ बशीत ओतून फुर्र फुर्र करत चहा प्यायचे. चहानं काळ्या फक्त पोरीच व्हायच्या.

गंमत म्हणजे ही चहाची सवयच आपल्याकडं काही फार जुनी नाही. आज्जीच्या माहेरी चहा म्हणजे खोकल्यावरचं औषध होतं, आल्यातुळशीसारखं. आसामात इंग्रजांनी मळे लावले, 1839 साली तिकडचा चहा लंडनला लिलावात पण गेला, तरी आपण साधी माणसं काही तो पीत नव्हतो. 1903 मध्ये चहावर सेस, म्हणजे एक कर, बसवला, त्या पैशातून प्रचार सुरू झाला, आणि 1930च्या दशकात मंदीमुळं माल पडून राहिल्यावर तर मळेवाले हात धुऊन मागं लागले, स्टेशनवर, कारखान्यांत, बाजारात चहा करून दाखवायचे आणि पाजायचे. आणि त्यांची तक्रार काय, तर ही भारतीय माणसं दूध, साखर, मसाला ढीगभर घालतात आणि पावडर चिमूटभर! खप कसा वाढणार? म्हणजे आपण ज्याला अस्सल चहा म्हणतो तो त्यांच्या दृष्टीनं चहाची नासाडी होती.

उकळण्यावरून पण असंच. हल्ली पुण्याहून कुणी आलं की सांगतात, चहा उकळायचा नसतो, गरम पाणी ओतून झाकून ठेवायचा. अरे, तो दार्जिलिंगच्या पानाचा चहा. आपली पावडर म्हणजे सीटीसी, 1930च्या सुमारास आसामात मॅकर्चर म्हणून एका साहेबानं काढलेल्या मशीनवर चुरून, फाडून, वळून केलेले दाणे. ती कडकच व्हायला जन्माला आलीय, वरून दूध पडणार हे तिला माहीत आहे. उकळा बिनधास्त. फक्त अर्धा तास उकळला म्हणून किक वाढत नाही, कॅफिन बरंचसं पहिल्या काही मिनिटांतच उतरतं, नंतर उतरतो तो नुसता तुरटपणा. आणि रंगावर तर अजिबात जाऊ नका. गार पाण्यात चिमूटभर पावडर टाकून बघा, लगेच लाल धागे सुटले तर त्यात रंग मिसळलाय, चांगली पावडर गार पाण्यात निवांत रंग सोडते. आमच्या शेजारच्या वहिनी मात्र 'रंग कसा बेस्ट येतो' म्हणून तसलीच सुटी पावडर शोधत फिरतात.

ज्याला सगळे हसायचे ते आजोबांचं म्हणणं मात्र बऱ्यापैकी खरं निघालं. मे महिन्यात, पंखा पण गरम वारा फेकत असताना, ते गरम चहा मागायचे आणि म्हणायचे यानं गार वाटतं. गरम प्यायल्यावर घाम जास्त येतो, तो वाळला की अंग निवतं. कोरड्या उन्हाळ्यात चालतं, कोकणात जाऊन करू नका, तिथं घाम वाळतच नाही.

आणि चहानं डोकं उतरतं म्हणतात ना, ते पण जरा गमतीचंच आहे. रोज चार वाजता चहा लागणाऱ्याला साडेचारपर्यंत मिळाला नाही की डोकं चढतं, मग चहा मिळतो, मग उतरतं. म्हणजे चढवणारा तोच आणि उतरवणारा पण तोच, पुढारीच म्हणायचा. कळतं सगळं. मी चारला पितेच.

'चहानं भूक मरते' यावर मात्र मी हल्ली काही बोलत नाही. हंगामात आमच्या कॉलनीच्या मागच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरते, बीडकडची. पहाटे चारला त्यांच्या कोप्यांपुढं, म्हणजे झोपड्यांपुढं, चुली पेटतात. मागं एकदा गाडी पकडायला लवकर निघाले होते तेव्हा बघितलं, एक बाई काळ्या झालेल्या पातेल्यात कोरा चहा उकळत होती, साखर मूठभर, दूध नाहीच. मोठी माणसं प्यायली, मग पाच-सहा वर्षांच्या दोन पोरी पण पितळीतून प्यायल्या. मी आपलं विचारलं, एवढ्या लहान पोरींना चहा? ती म्हणाली, "भाकरी फडात दहाला ताई. तवर दम निघतो." साखर दुकानातून घेतात, किलोच्या भावानं. आमच्याकडं वडिलांच्या शेअरवर कारखान्याची साखर सवलतीत येते, दिवाळीला.