मागच्या वेळेसारखं

"झेपेल ना तुला? नाही, मागच्या वेळेसारखं नको व्हायला."

एवढंच. डिशवॉशरमधून ताटल्या काढता काढता म्हणाला, माझ्याकडे न बघता. आणि लगेच, चमचे कुठल्या खणात ठेवू म्हणून विचारलं. अकरा वर्षं चमच्यांचा खण तोच आहे. मी म्हटलं, झेपेल की, न झेपायला काय झालं. आणि रात्री साडेदहाला मेल टाकून एचओएच्या, म्हणजे इथल्या घरमालकांच्या सोसायटीच्या, निवडणुकीतून नाव मागे घेतलं. दोन ओळी. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे या वर्षी जमणार नाही, क्षमस्व.

आज तिसरा दिवस. सेक्रेटरीबाईंनी उत्तरादाखल अंगठा पाठवला. नुसता अंगठा. का, काय, कुणी विचारलं नाही. माझ्यासमोर उभे असलेले एचओएचे आजोबा आता बिनविरोध. एकोणिसावं वर्ष त्यांचं.

नवऱ्याचा राग आला असता तर सोपं गेलं असतं. पण तो काळजीनंच म्हणाला. ते अडीच महिने त्यानंच काढलेत, डबे, शाळा, दिवसा ओढलेले पडदे, आणि आईला फोनवर सांगायच्या थापा... जाऊ दे. मला खुपतंय ते निराळंच. मेल गेली आणि मला बरं वाटलं. हलकं हलकं. पाऊस फार म्हणून शाळा सोडून दिली की वाटायचं तसं. तीन दिवस त्या बरं वाटण्याचीच लाज वाटतेय.

आज सकाळी गाडी चालवताना लक्षात आलं की 'घरच्या जबाबदाऱ्या' हे माझे शब्द नाहीतच. अ‍ॅशली जडचे, त्या हॉलिवूडच्या नटीचे आहेत. 27 मार्च 2013. तिनं ट्विटरवर लिहिलं होतं की खूप विचार केला, पण सध्या माझी शक्ती घरच्यांसाठी लागणार आहे, मी केंटकीतून सेनेटला उभी राहत नाही. घरी आल्यावर कपाटाच्या वरच्या फळीवरून त्या वर्षीची वही काढली. त्या तारखेला मी लिहिलंय, 'पळपुटी!!!' तीन उद्गारचिन्हं. खाली, 'एवढी शिकलेली, एवढं नाव, आणि त्या म्हाताऱ्याला घाबरली.' अक्षर किती ठसठशीत होतं माझं तेव्हा.

तेव्हा मला इथे मतही नव्हतं. मत नसलेल्या माणसाला आवेश फार असतो.

पण ती उभी राहणार म्हणून मी हरखले होते हे खरं. आमच्या लेक्सिंग्टनचीच होती ना ती, इथल्याच युनिव्हर्सिटीत फ्रेंच शिकलेली. निळे कपडे घालून रप अरिनात बास्केटबॉलच्या मॅचला बेंबीच्या देठापासून ओरडणारी. पुढे हार्वर्डला जाऊन राज्यकारभाराची पदवी आणलेली. आणि समोर रिपब्लिकन सेनेटर मिच मकॉनल, 1984 पासून तिथेच. ज्या केंटकीत 2012 ला ओबामा 120 पैकी 4 काउंट्यांत जिंकला (त्यातली एक आमची, त्याचा आम्हाला कोण अभिमान), तिथे ही बाई उघड उघड ओबामाची, स्त्रीवादी, आणि वर कोळशासाठी डोंगरांचे माथे उडवायच्या विरोधात बोलणारी. कोळशाविरुद्ध, केंटकीत! आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये तेव्हा निम्म्या गाड्यांना 'फ्रेंड्स ऑफ कोल'च्या काळ्या नंबरप्लेटी आहेत असं वाटायचं. त्यातली एक माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाची. त्याचे वडील खाणीत होते. तो एकदाच बोलला तिच्याबद्दल, शांतपणे. म्हणाला, आमचा डोंगर कसा दिसावा हे तिनं का सांगावं? मी उत्तर दिलं नाही. अजून नाही माझ्याकडे.

तिच्याविरुद्ध जाहिरात आली तेव्हा उमेदवारी जाहीरसुद्धा झालेली नव्हती. फेब्रुवारीतच. रिपब्लिकनांचा डावपेचवाला कार्ल रोव्ह, त्याच्या गटानं काढली होती. तिच्याच मुलाखतींतले तुकडे जोडून तिचीच फजिती. राहायला टेनेसीत, आदल्या वर्षी पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधी टेनेसीची, 'टेनेसी माझं घर' असं तिच्याच तोंडचं वाक्य. बाहेरची, बाहेरची, बाहेरची. शाळा अ‍ॅशलंडची, कॉलेज लेक्सिंग्टनचं, आणि ती बाहेरची. मग मी कोण, असं तेव्हा वाटलं होतं. तेही जाऊ दे, तो विषय आज नको.

खरी गोष्ट एप्रिलमध्ये बाहेर आली. लुईव्हिलला मकॉनलच्या प्रचार कचेरीत फेब्रुवारीत झालेल्या बैठकीचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग एका मासिकानं छापलं. सुरुवातीला तो स्वतः समजावतोय की हा काळ जत्रेतल्या त्या खेळासारखा, बिळातून डोकं वर आलं रे आलं की हातोडा घालायचा. मग त्याची माणसं एकेक कागद काढतात. तिनं 2011 साली आठवणींचं पुस्तक लिहिलं होतं, त्यात स्वतःच्या नैराश्याबद्दल, लहानपणी मरावंसं वाटायचं त्याबद्दल स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. ते त्या बैठकीत निघतं. ही मानसिकदृष्ट्या स्थिर नाही, असं एकजण म्हणतो, आणि याची नोंदच आहे म्हणतो.

नोंद कुणी केली होती? तिनंच.

तेव्हा मी ते सगळं छापलेलं वाचलं, 'किती नीच' असं वहीत लिहिलं आणि पुढे किराणा मालाची यादी केलीय. तूरडाळ, हिंग, पेपर टॉवेल. आज परत वाचायला घेतलं तर पोटात खड्डा पडला. आमच्या एचओएत काही मकॉनल नाही, कार्ल रोव्ह नाही. आजोबा तर मला दर ख्रिसमसला फज आणून देतात. त्यांना माझ्या त्या अडीच महिन्यांची खबर असायचं कारणच नाही. हातोडा मारायला कुणी आलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात एक वाक्य ऐकलं, तेही ज्यानं मला त्या बिळातून हात धरून काढलं त्याच्या तोंडून, आणि डोकं आपणहून आत घेतलं.

तिनं नाव मागे घेतलं तेव्हा ते रेकॉर्डिंग बाहेर आलेलं नव्हतं. पण आपल्याबद्दल काय निघू शकतं हे कळायला रेकॉर्डिंग थोडंच लागतं. त्याच जानेवारीत नवऱ्यापासून वेगळं होत असल्याचं जाहीर झालं होतं. आणि तिच्या पक्षातल्याच कित्येकांना ती नको होती. स्वतः पडेल ते पडेल, बाकीच्यांनाही घेऊन पडेल म्हणायचे. 'घरच्या जबाबदाऱ्या'मध्ये यातलं किती होतं ते तिचं तिला ठाऊक. पण तिलाही त्या रात्री हलकं वाटलं असेल का? मला फक्त एवढंच विचारायचंय तिला. पिक्चर, ऑस्कर, बाकी काही नको.

संध्याकाळी आईचा फोन. बोलायचं नव्हतं, पण आवाजावरून ओळखते ती. सांगितलं, नाव मागे घेतलं म्हणून. बोरिवलीहून थोडा वेळ काहीच आलं नाही. मग म्हणाली, "अगं, उर्मिला बघ. साडेचार लाखांच्या वर मतांनी पडली इथे. पण उभी राहिली हो!"

"आणि तू मत कुणाला दिलंस?"

"गोपाळ शेट्टींना. मग काय! कामं करतात ते."

मी हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. 2019 ला हीच आई फोनवर मातोंडकरांच्या मुलीचं केवढं कौतुक करत होती, किती स्पष्ट बोलते, मराठी किती छान. बटण मात्र कमळाचं. आमच्या आजोबांना मत देणाऱ्या बायकाही मला हेच म्हणाल्या असत्या. यू आर सो ब्रेव्ह, हनी.

मग मनाची समजूत काढायला आकडे घेऊन बसले. हे मला आवडतं. जडच्या जागी अ‍ॅलिसन ग्राइम्स उभी राहिली, तीही चांगली राज्याची सेक्रेटरी ऑफ स्टेट, इथलीच, बाहेरची म्हणायची सोय नाही. तिनं ओबामाला मत दिलं का, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. एवढी सांभाळून वागली आणि पंधरा टक्क्यांनी पडली. 2020 ला एमी मॅक्ग्रा, लढाऊ विमानात बसलेली बाई, पैशांचा नुसता पाऊस, ती जवळपास वीस टक्क्यांनी. आणि गंमत म्हणजे राज्यात नोंदवलेले मतदार 2022 पर्यंत डेमोक्रॅटच जास्त होते. कागदावर एक, बटणावर दुसरं. बोरिवलीच की.

मकॉनलही कधीतरी नवखाच होता म्हणा. 1984 ला त्यानं जाहिरातीत शिकारी कुत्रे सोडले होते, तेव्हाच्या सेनेटरला शोधायला, सभागृहात दिसत नाही म्हणून. जेमतेम पाच हजार मतांनी जिंकला. तेव्हा त्याला कुणी स्वयंपाकघरात विचारलं नसेल का, झेपेल ना रे?

आणि शेवटी त्याला कुणी हरवलंच नाही. 2025 च्या फेब्रुवारीत, त्र्याऐंशीव्या वाढदिवशी, तो स्वतःच म्हणाला की पुढच्या वेळी उभा राहणार नाही. सात वेळा निवडून येऊन. आमच्या आजोबांचं वय एकोणऐंशी. त्यांचे गुडघे गेलेत. मी थांबू शकते.

हे लिहिताना परत तेच. थांबू शकते म्हणताना परत हलकं वाटलं.

माझा जाहीरनामा काय होता तर मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला दोरी. बास. आमच्या एचओएत दोरी चालत नाही, घरांची किंमत उतरते म्हणे. एवढं ऊन वाया जातं इथलं जुलैचं, आणि चादरी ड्रायरमध्ये. मी पत्रक छापलं होतं, वर सूर्य काढला होता लेकीनं. चाळीस प्रती. त्यांचं काय करायचं ते कळत नाहीये, मागच्या कोऱ्या बाजूला वाणसामानाच्या याद्या करीन.

मघाशी नवरा येऊन दारात उभा राहिला. "मी तसं नको म्हणायला हवं होतं का?" मी म्हटलं, कसं? तो म्हणाला, "ते, मागच्या वेळेचं." मी म्हटलं, नाही रे, तसं काही नाही. दोघांनाही कळलं की तसंच काहीतरी आहे. मग त्यानं गॅरेजमध्ये शिडी लावली आणि दोन खिळ्यांना दोरी बांधून दिली. रस्त्यावरून दिसत नाही. दार बंद ठेवलं तर कुणाच्या बापाला कळायचं नाही.

टॉवेल घातलेत आत्ता. तिथे वारा नाही, दोन दिवस लागतील. पेट्रोलचा वास येईल बहुतेक.