असल्या माणसाचं वकीलपत्र

"ताई, असल्या माणसाचं वकीलपत्र घ्यायला तुमचं मन कसं होतं?"

गेल्या दोन महिन्यांत हे मला साखरपुड्याच्या पंगतीत विचारून झालं, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी विचारून झालं. परवा माझ्या सख्ख्या मावशीने फोन केला आणि "तुलाही मुलगी आहे गं" एवढंच म्हणून ठेवून दिला. आमच्या भागात काय घडलं ते विचारणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. त्या आरोपीला वकील नव्हता, वकिलांच्या बाररूममध्ये कोणीच उभं राहायचं नाही अशी भाषा झाली, ऐपत नसलेल्यांना वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून नेमणूक माझ्या नावाने आली आणि मी ती परत पाठवली नाही. ती केस चालू आहे, तिच्याबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही. पण हा प्रश्न मी अठरा वर्षं ऐकते आहे. एकदा नीट उत्तर द्यावं म्हणते.

पूर्वी माझी उत्तरं तयार असायची. सनद नवी होती तेव्हा मी म्हणायचे, डॉक्टर काय पेशंटचं चारित्र्य बघून औषध देतो? हे मी आता म्हणत नाही. डॉक्टरने रोगी बरा केला म्हणून दुसऱ्या कोणाच्या घरातलं काही जात नाही. मी केस जिंकले तर मागच्या बाकावर बसलेल्या बाईला वाटतं की आपल्याला न्याय मिळाला नाही, आणि कधी कधी तिचं खरंही असतं.

मग कायद्याचं उत्तर. पकडलेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. ऐपत नसलेल्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये होसकोट खटल्यात सांगितलं, आणि तो खटला महाराष्ट्र सरकारविरुद्धचाच होता. अमक्याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही, असले वकील संघांचे ठराव बेकायदा आहेत हे २०१० मध्ये मोहम्मद रफी निकालात स्वच्छ शब्दांत आलेलं आहे. "कसाबलासुद्धा वकील दिला" असं लोक मला तक्रार म्हणून ऐकवतात. दिलाच पाहिजे होता. त्याच्याच अपिलात, २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या मॅजिस्ट्रेटांना बजावलं की आरोपी पहिल्यांदा समोर आणला की वकिलाचा हक्क त्याला सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे. फाशी कायम झाली ती हे सगळं झाल्यावर.

हे सगळं बरोबर आहे, पण कलमं ऐकून कोणाचं मन वळलेलं मी पाहिलेलं नाही. आणि मीसुद्धा ही कामं कलमांसाठी घेत नाही. एका शर्टासाठी घेते. ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

साल २०११. लीगल एडच्या, म्हणजे त्याच विधी सेवेच्या, पॅनेलवर नुकतं नाव लागलं होतं. खानदेशातलं एक सत्र न्यायालय, ३०२ ची, म्हणजे खुनाची केस. आरोपी सातपुड्यातला, पावरा समाजाचा, बावीस-तेवीस वर्षांचा, खाली सपाटीवर एका शेतावर सालदार. मयत त्याचाच चुलतभाऊ, त्याच शेतावर कामाला. रात्री दोघांना एकत्र पाहिल्याचं एकजण सांगत होता, आणि पोलिसांनी आरोपीच्या अंगातला शर्ट जप्त केला होता. सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालात, शर्टावर मयताच्या गटाचं रक्त. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नाही. अशी केस लढता येते. मी लढलेही. पंच फितूर झाला, तपासी अंमलदाराला मी उलटतपासात तासभर उभं केलं, आणि त्या संध्याकाळी सीनियर म्हणाले, "छान." मला फार बरं वाटलं होतं.

त्या सगळ्या काळात मी आरोपीशी किती बोलले असेन? मिळून वीस मिनिटं. पोलीस पार्टी त्याला जेलमधून घेऊन यायची, कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीशी उकिडवा बसवायची, पुकारा झाला की आत. त्याला मराठी बेताचीच कळायची. शेतातली मराठी कळायची, म्हणजे पाणी धर, बैल सोड, मोटर बंद कर. साक्षी चालल्या त्या मराठीची त्याला ओळख नव्हती. पुरावा आरोपीला कळत नसलेल्या भाषेत चालला असेल तर भर कोर्टात त्याला समजेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९ कलमात होतं. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं. दुभाषा मागायचं माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तरी तारीख लांबेल म्हणून मी ते मागे सारलं असेल. आज नक्की सांगता येत नाही.

मग तीनशे तेराचा जबाब. नव्या संहितेत आता त्याला ३५१ म्हणायचं, तेव्हा ३१३. सरकार पक्षाचा पुरावा संपला की न्यायाधीश पुराव्यातली एकेक गोष्ट आरोपीसमोर ठेवतात आणि तुझं म्हणणं काय ते विचारतात. शपथ नसते, गप्प राहिलं तरी चालतं, खोटं बोललं म्हणून शिक्षा होत नाही. अख्ख्या खटल्यात न्यायाधीश आणि आरोपी थेट बोलतात ते एवढंच. मला सीनियरांनी शिकवलं होतं की एकदा 'हो' म्हणाला की मेला, सगळ्याला 'खोटं आहे' म्हणायला सांग. व्हरांड्यात मी त्याच्यापुढे वाकून तेच सांगितलं. साहेब काय वाटेल ते विचारू देत, तू म्हणायचं खोटं आहे. त्याने दोनदा म्हणून दाखवलं. "खोटं आहे. खोटं आहे."

चाळीसच्या वर प्रश्न होते, टाइप करून आणलेले. अमक्यांच्या शेतावर तुम्ही सालदार होता? खोटं आहे. मयत तुमचा चुलतभाऊ होता? खोटं आहे. इथे साहेबांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी कागदात पाहिलं. तेविसावा प्रश्न शर्टाचा होता. तुमच्या अंगावरून जप्त केलेल्या शर्टावर मयताच्या रक्तगटाचे रक्त आढळून आले, याबाबत आपले काय म्हणणे आहे? खोटं आहे. पंचवीस मिनिटांत सगळं उरकलं. त्याने अंगठा उठवला आणि पार्टी त्याला घेऊन गेली.

निकालाच्या दिवशी साडेबाराला दोषी ठरवलं. पावणेएकला साहेबांनी त्याला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का? त्याने मान वर केली आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "खोटं आहे."

मागे कोणीतरी हसलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, आरोपी गरीब आहे, तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे, कमीत कमी शिक्षा द्यावी. ३०२ ला कमीत कमी जन्मठेपच होती. दुसरं काही बोलायला माझ्याकडे नव्हतं. त्याला आई आहे का, मूल आहे का, तो कधी शाळेत गेला का, मला काही माहीत नव्हतं. शिक्षेपूर्वी आरोपीचं म्हणणं ऐकणं हा नुसता उपचार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये संता सिंग निकालात म्हटलं आणि ते ऐकलं नाही म्हणून फाशी रद्द केली. १९८९ मध्ये अल्लाउद्दीन मियाँ निकालात म्हटलं की दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी शक्यतो पुढची तारीख द्या. मी ती तारीख मागितली नाही. जेवणाच्या सुट्टीआधी जन्मठेप, पाच हजार दंड, दंड न भरल्यास सहा महिने.

जिन्यात एक माणूस माझी वाट बघत उभा होता. आरोपीचा मेव्हणा, दहावीपर्यंत शिकलेला, त्याला मी पहिल्यांदाच बघत होते. दोन गाड्या बदलून आला होता. रडत नव्हता. म्हणाला, "मॅडम, त्याने भावाला उचलून रस्त्यापर्यंत आणलं ते कुठे लिहिलंय?"

मी विचारलं, काय उचलून?

मेव्हण्याने सांगितलं ते असं. पहाटे भाऊ बांधावर पडलेला दिसला. जिवंत होता. याने त्याला पाठीवर घेतलं आणि डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, गाडी मिळेल म्हणून. रस्त्याच्या कडेला तो गेला. हे घरच्या सगळ्यांना माहीत होतं. त्याने पोलिसांना सांगितलं होतं. "तुम्हालाबी सांगितलं म्हणतो तो," मेव्हणा म्हणाला.

मला आठवेना. अजूनही आठवत नाही. त्याने सांगितलं असेल आपल्या भाषेत, खांदा दाखवून, आणि मी हो हो म्हणून घड्याळ पाहिलं असेल.

निकालपत्रात एक वाक्य होतं, ते मला आज शब्दशः येतं: 'आरोपीने त्याच्या शर्टावरील रक्ताच्या डागांबाबत कोणतेही स्पष्टीकरण दिलेले नाही.' पुराव्याच्या साखळीतली शेवटची कडी म्हणून ते घेतलं होतं. म्हणजे ती कडी मी घडवली होती. पाठीवरून आणलं असतं तर डाग पाठीवर हवेत. मी मुद्देमालातला तो शर्ट उलगडून कधी पाहिलाच नव्हता. जप्ती पंचनाम्यात 'शर्टावर ठिकठिकाणी' एवढंच होतं. ३१३ मध्ये २००९ च्या दुरुस्तीने पाचवं पोटकलम आलं होतं, त्याखाली आरोपीला लेखी म्हणणं देता यायचं. एक पान पुरलं असतं.

अपील हायकोर्टाच्या खंडपीठात दुसऱ्या वकिलांनी चालवलं. मेव्हण्याचं सगळं मी लिहून पाठवलं होतं. हे स्पष्टीकरण खालच्या कोर्टात दिलेलं नाही, आता पहिल्यांदा घेता येणार नाही, असं झालं. शिक्षा कायम.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. म्हणजे तो निर्दोष होता का? मला माहीत नाही. मेव्हणा खोटं बोलला असेल, पढवून आला असेल. मारणाऱ्यानेच नंतर घाबरून उचलून आणलं, असंही घडतं. चौदा वर्षं मी हे दोन्हीकडून लावून पाहिलं. मला छळतं ते एवढंच की हे ठरवायची जागा कोर्ट होतं आणि तिथे ते कोणी ठरवलंच नाही, कारण ते तिथपर्यंत मी पोचू दिलं नाही. मारहाण नाही, लाच नाही, वकील दिलेला, साक्षी झालेल्या, जबाब घेतलेला, शिक्षेवर विचारलेलं. कोर्टाच्या रोजनाम्यात एक चूक सापडणार नाही.

१९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला तो मराठी लेखांवरून. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख इंग्रजी भाषांतरातून वाचले गेले, आणि भाषांतर चुकीचं आहे हे टिळकांना स्वतः उभं राहून सांगावं लागलं. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं काळं पाणी. ते शाळेत शिकताना आपल्या सगळ्यांना संताप येतो. माझ्या कोर्टात न समजणारी भाषा मराठी होती आणि ती बोलणारी मी होते. त्या दिवशी मला संताप आला नाही.

तुम्ही म्हणता, उगाच खटले लांबवता, चढत चढत वरपर्यंत नेता. महाराष्ट्रातलंच सांगते. २००३ च्या एका दरोडा, खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली. सहाही जणांना. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये त्या सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. त्यातला एकजण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षं. कोणीतरी फाईल पुन्हा उघडली म्हणून ते जिवंत बाहेर आले. लांबवणं म्हणजे कधी कधी हेच असतं.

आणि तरीही. त्या मयताच्या बायकोने मला कोर्टाच्या नळाशी एकदा गाठलं होतं. निकालाच्या आधी, उलटतपासाच्या दिवशी. "तुमचा माणूस गेला असता तर?" मी तेव्हा तोंड फिरवलं. आता फिरवणार नाही, पण उत्तर अजूनही माझ्याकडे नाही. तिच्या नवऱ्याला कोणी मारलं हे तिलाही नीट कळलेलं नाही, असं मी तिला म्हणू शकते. ते तिने माझ्याकडून का ऐकून घ्यावं?

मावशीला वाटतं मी हे प्रायश्चित्त म्हणून करते. तिला शर्टाचं माहीत नाही, तरी वाटतं. असेलही. काही केसेसमध्ये आरोपी दोषी आहे हे मला आतून कळतं, आणि मी त्याच ताकदीने उलटतपास घेते. संध्याकाळी घरी आल्यावर मुलीच्या अंगावर हात टाकून झोपते. झोप कधी लागते, कधी नाही. लागत नाही तेव्हा हे काम सोडायचं ठरवते.

आता मी काय करते ते तरी सांगते. मुद्देमाल उघडून बघते, नाकाला रुमाल लावून, दोन्ही बाजूंनी. जेलमध्ये जाऊन भेटते, व्हरांड्यात नाही. दोषी ठरवलं की शिक्षेसाठी तारीख मागते, साहेब चिडले तरी, आणि त्या तारखेआधी त्याच्या गावी फोन करते, शाळेचा दाखला मागवते, आई जिवंत आहे का विचारते. कच्च्या कैदेत गेलेले दिवस शिक्षेतून वजा धरलेत का, हे वॉरंटवर बोट ठेवून मोजते. गेल्या वर्षी चोरीच्या एका केसमध्ये ते दिवस लिहायचेच राहिले होते. अर्ज दिला, दुरुस्ती झाली, पोरगा आठ महिने आधी घरी गेला. त्याने चोरी केली होती. आठ महिने त्याचेच होते.

परवाच्या तारखेला दुसऱ्या एका केसमध्ये ३५१ चा जबाब आहे. बाई आहे, कोरकू बोलते. दुभाष्यासाठी सोमवारी अर्ज दिलाय. त्यावर अजून आदेश झालेला नाही. झाला नाही तर मी उभी राहून तारीख मागणार आहे.