आमची वाटचाल: गोठ्यातली पॉलिशची खोली

कुडाळजवळच्या आमच्या वाडीत २००९ साली आम्ही दोघा भावांनी पाट, चौरंग आणि देव्हारे करायला सुरुवात केली. लाकूड फणसाचं, क्वचित सागवान. रंधा-पटाशीचं काम अंगणातल्या मांडवात चाले आणि पॉलिशही तिथेच. उन्हाळ्यात ओल्या पॉलिशवर भुसा बसे, तो दुसऱ्या दिवशी घासून काढायचा. इतकं होणारच, असं आम्ही धरून चाललो होतो.

२०१६ ला चतुर्थीला आठ दिवस असताना चौदा चौरंगांवर लॅकर, म्हणजे थिनरमध्ये कालवलेलं झटपट वाळणारं पॉलिश, मारलं आणि तासाभरात सगळे दुधाळ पांढरे पडले. चाकरमानी गावी पोचायला लागले होते. शेजारच्या गावचे एक म्हातारे पॉलिश मिस्त्री बघायला आले आणि म्हणाले, "अरे, पॉलिसाक घाम इलो." थिनर उडताना लाकडाचा पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर उतरतं आणि पॉलिशमध्ये अडकतं, हे त्यांनीच समजावलं. रिटार्डर, म्हणजे पॉलिश सावकाश वाळू देणारं द्रावण, मारून सहा सुधारले. उरलेले आठ पूर्ण घासून काढले, त्यातले तीन वेळेत देता आले नाहीत. त्या तीन घरांना आम्ही पैसे परत केले, पण गणपती जुन्या पाटावर बसला याची रुखरुख आजही आहे.

दिवाळीनंतर रिकामा गोठा हाती घेतला. दहा बाय बारा फूट, चिऱ्याच्या भिंती. चिऱ्याची लाल माती सारखी झडते, म्हणून आधी गिलावा. शेणाच्या जमिनीवर कोबा. निम्म्याहून जास्त पैसे तिथेच गेले. कौलांतून पडणारी घाण अडवायला खाली जाड प्लास्टिक ताणून बसवलं. जुन्या खाटेच्या पट्ट्यांचं वाळवणीचं रॅक केलं, आणि फळीतून खिळे वर काढून ठोकळे बनवले. खालची बाजू आधी मारायची, मग वस्तू खिळ्यांच्या टोकांवर उलटून वरची.

पंख्यात आम्ही चुकणार होतो. हवा बाहेर फेकणारा साधा एक्झॉस्ट आणलाही होता. वायरमनने हटकलं: थिनरची वाफ मोटरवरून जाणार, एक ठिणगी पुरे. मग दिशाच उलटी केली. पंखा पडवीच्या बाजूने ताजी हवा कापडी फिल्टरमधून आत ढकलतो आणि समोरच्या भिंतीत जमिनीलगत ठेवलेल्या झरोक्यातून ती बाहेर पडते. वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते, म्हणून झरोका खाली. खोलीत आतून दाब राहत असल्याने फटींतून धूळही शिरत नाही. बटणं आणि कॉम्प्रेसर बाहेर, ट्यूबलाइट खिडकीच्या काचेपलीकडे. ती तिरपी ठेवली की पॉलिशची प्रत्येक ओघळ दिसते. एकूण खर्च तेवीस हजार, त्यात कार्बनच्या डब्यांचे दोन मास्क. नाकाला रुमाल बांधून हे काम कोणी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. रुमालाने वाफ अडत नाही.

खोली झाली तरी कोकणचा पाऊस बाहेर तसाच असतो, आणि पंखा तीच हवा आत आणतो. म्हणून भिंतीवर आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर टांगलंय. काटा पंचाहत्तरच्या वर असेल तर आमच्याकडे लॅकरचा डबा उघडत नाही. उघाडीच्या दिवशी मारायचं झालं तर आदल्या रात्री नग खोलीत ठेवून बल्ब लावतो, म्हणजे लाकूड कोमट आणि कोरडं राहतं. डबा उघडण्याआधी बल्ब बंद करून बाहेर काढायचे, हा नियम वहिनीने घालून दिला. पॉलिशचं काम आता तीच बघते. उन्हाळ्यात धूळ बसवायला ती कोब्यावर पाणी शिंपडते. पावसात फक्त पुसून घेते. संध्याकाळी दिवे लागल्यावर काम नाही, पावसाळी पाखरं थेट ओल्या चौरंगावर येऊन बसतात. जवसाच्या तेलाची फडकी पाण्याच्या डब्यात टाकायची, कारण गोळा करून ठेवली तर ती आपोआप तापून पेटू शकतात.

सगळ्यात मोठा बदल मात्र वहीत झाला. चतुर्थीच्या ऑर्डरी आम्ही आता अक्षय्य तृतीयेपर्यंतच घेतो आणि मृगाआधी शेवटचा हात मारतो. पहिल्या वर्षी काही गिऱ्हाइकं नाराज झाली. त्या तीन घरांपैकी दोन घरांनी मात्र पुढच्याच वैशाखात देव्हारे सांगितले, आणि ते याच खोलीतून गेले.