एअर कॅम्पर: 19 रिब्ज झाल्या, उरलेल्या कूलरच्या भरवशावर

बांधायला घेतलेल्या विमानाच्या 30 पैकी 19 रिब्ज, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, साच्याबाहेर आल्या. विमान म्हणजे बर्नार्ड पिटनपॉल यांचे एअर कॅम्पर: दोन उघड्या बैठका, डोक्यावर छत्रीसारखा एकच पंख, आणि 1929 पासून फोर्ड मॉडेल ए मोटारीच्या 40 अश्वशक्तीच्या इंजिनावर उडणारे. आराखडा इंचांत आहे, ते इथे सोलापुरात सोयीचेच. वखारीत अजून सूत (इंचाचा आठवा भाग) चालते, त्यामुळे रिबची पट्टी दोन सूत बाय चार सूत म्हटली की समोरच्याला लगेच कळते. फक्त दाराच्या चौकटीचे दोन सूत इथे चालत नाहीत. रंधा मारून झाल्यावर पट्टी 6.3 ते 6.4 मिमी हवी. त्यासाठी 7 मिमीवर चिरायची. आरा 3 मिमी खातो. म्हणजे 100 मिमी रुंद फळीतून दहा पट्ट्या निघतात आणि त्यातल्या दोन-तीन लाकडाच्या रेषा तिरक्या निघाल्यामुळे बाद होतात.

लाकूड सिट्का स्प्रूस, हलके सूचिपर्णी. सागवान का नाही, हा प्रश्न दर वेळी येतो. सागवान वजनाला दीडपट, शिवाय त्याच्या तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही. रेषांची तिरकी चाल 15 इंचांत 1 इंचापेक्षा जास्त नको. वाढीच्या वर्तुळांच्या वरवर दिसणाऱ्या रेघांवर जाऊ नका, त्या फसवतात. फाउंटन पेनच्या शाईचा थेंब पट्टीवर टाका. शाई तंतूंतून धावते आणि खरी चाल दाखवते. याच थेंबाने दिसायला अगदी सरळ असलेल्या चार पट्ट्या बाद केल्या.

मे महिन्यातली खरी अडचण ओलाव्याची आहे. लाकडात 8 ते 12 टक्के ओलावा हवा. सोलापूरच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पट्ट्या उघड्या ठेवल्या तर तो 5 टक्क्यांच्या आसपास येतो. अशा कोरड्या लाकडाची रिब चिकटवली की जुलैत ते फुगते आणि सगळा ताण सांध्यावर येतो. शिवाय पट्टी वाकवताना तडकते ती वेगळीच. उपाय साधा आहे. पट्ट्या आतल्या खोलीत, कूलर चालू, आर्द्रता 50 ते 55 टक्के. कूलरचा फवारा थेट लाकडावर येऊ देऊ नका. ओलावा मोजणाऱ्या मीटरवर विसंबण्याआधी एकदा भट्टीची चाचणी करा: तुकडा तोला, 103 अंशांवर वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा, पुन्हा तोला. आमचा तुकडा 42.0 ग्रॅमचा 38.5 झाला. फरक 3.5, त्याला कोरड्या वजनाने भागायचे, म्हणजे 9.1 टक्के. ओल्या वजनाने भागले की आकडा कमी येतो. ही चूक फार जण करतात.

साचा 19 मिमी प्लायचा. त्यावर पूर्ण मापाचे चित्र, वर प्लॅस्टिकचा कागद, मग ठोकळे. वरच्या पट्टीचा पुढचा बाक गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवून वेगळ्या ठोकळ्यावर रात्रभर बसवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच गोंद लावायचा. गसेट, म्हणजे सांध्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटवायचे तुकडे, 1.5 मिमी बर्च प्लायचे.

गोंद टी-88 इपॉक्सी, रेझिन आणि हार्डनर असे दोन भाग मिसळायचा. आकारमानाने निम्मे-निम्मे, पण वजनाने 100 ला 83. काट्यावर 10 ग्रॅम रेझिनला 8.3 ग्रॅम हार्डनर. दोन्ही सारखे तोलले तर हार्डनर जास्त होतो आणि सांधा रबरासारखा राहतो. 25 अंशांना हाताशी साधारण 45 मिनिटे मिळतात. दर 10 अंशांमागे वेळ निम्मा धरा. दुपारी 38 अंशांना वीस मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. खोल कपात तर गोंद स्वतःच्याच उष्णतेने धूर काढतो. म्हणून पहाटे साडेपाच ते आठ एवढेच काम, पसरट ताटलीत, एका वेळी 18 ग्रॅम. एक बाजू आज, उलटून दुसरी उद्या.

बाद झालेल्या दोन रिब्जचे गसेट सोलून पाहिले. एकात प्लायच्या बाजूचा गोंद काचेसारखा गुळगुळीत आणि त्याला एकही तंतू चिकटलेला नाही. कारखान्यातून आलेली प्लायची चकाकी 80 नंबरच्या कागदाने घासली नव्हती. दुसऱ्यात शिकंजा इतका आवळला होता की गोंद सगळा बाहेर. इपॉक्सीला दाब नको, नुसते टेकणे पुरे. स्प्रूसला मात्र कागद घासू नका, भुशाने छिद्रे बुजतात. ताजा रंधा मारलेला पृष्ठभाग उत्तम. कालवलेल्या गोंदाच्या दर घाण्यामागे एक नमुना सांधा करून दुसऱ्या दिवशी तोडायचा. लाकूड फाटले पाहिजे, गोंदाची रेघ नाही. रेघ सुटली तर त्या घाण्याची रिब बाद, हळहळ नको.

रिब्जची वजने 262 ते 291 ग्रॅम. जड निघालेल्या बहुतेक सुरुवातीच्या आहेत. ओघळलेला गोंद पुसला नव्हता.

पंखावर चढवायच्या कापडाचे विचारणारे बरेच आहेत. चादरींच्या गावात विमानाला बाहेरचे कापड का? जुन्या काळी ग्रेड ए सुती कापड लागे, इंचाला 80 पौंड ताण सोसणारे. असे कापड मागावर निघेलही, पण कापडाच्या प्रत्येक गठ्ठ्याची ताकद कागदावर कोण लिहून देणार? पॉलिस्टरच लावणार. ते इस्त्रीने 121, 149 आणि शेवटी 177 अंशांवर टप्प्याटप्प्याने ताणायचे. रंग पांढरा किंवा फिकट पिवळा, गडद अजिबात नाही. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडते आणि इथल्या उन्हात गडद पंख किती तापेल ते गाडीच्या काळ्या बॉनेटवर हात ठेवून बघा.

स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळयांच्या, फळ्या अजून 13 टक्के ओलाव्यावर आहेत. दोन्ही टोकांना मेण लावून आतल्या खोलीत ठेवल्यात. टोके आधी वाळली तर तिथूनच भेगा सुरू होतात. 11 च्या खाली आल्यावर फळ्या जोडायचा 1:12 उताराचा सांधा कापायला घेऊ.