लालबाग, ड्रिल मशीन आणि आई

मार्चच्या सुरुवातीला आठवडाभर बंगळूरला होते, धाकट्या भावाकडे. सगळ्यांना सांगताना कारण सांगितलं ते त्याच्या बाल्कनीतल्या बागेचं. खरं कारण वेगळं होतं. बाबांच्या मागे आई एकटी राहते, आणि आम्हा तिघा भावंडांना एकदा बसून तिचं काय ते ठरवायचं होतं. आईला मात्र फक्त "लालबाग बघायला चल" एवढंच सांगून आणली होती.

लालबाग पहिल्याच सकाळी गाठली. मेट्रोच्या ग्रीन लाइनवर लालबाग नावाचं स्टेशनच आहे, त्यामुळे आईच्या गुडघ्यांनीही कुरकुर केली नाही. १७६० साली हैदर अलीने ही बाग लावायला घेतली, टिपूने देशोदेशींची झाडं आणून ती वाढवली. आत शिरल्यावर मी इतिहास सांगत होते आणि आई झाडांना हात लावत होती. जुन्या पांढऱ्या सावरीपाशी ती थांबलीच. जमिनीवर भिंतींसारखी उभी राहिलेली तिची मुळं बघून म्हणाली, "हिला कुणी हलवून दाखवावं!" तेव्हा मी हसले. वाक्याचा रोख माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले.

काचघर बघितलं १८८९ सालचं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवरून प्रेरणा घेऊन बांधलेलं. तो पॅलेस १९३६ मध्ये जळून गेला, हे उभं आहे. जानेवारी आणि ऑगस्टमधल्या पुष्पप्रदर्शनात इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तेव्हा रिकामं होतं, आणि मला ते तसंच आवडलं. फुलांची गर्दी नसली की लोखंडाची नाजूक नक्षी दिसते. बागेतल्या खडकावर मात्र भाऊ आणि मी दोघंच चढलो. सुमारे ३०० कोटी वर्षांचा तो दगड, वर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडांचा बुरूज. आई खाली बाकावर बसून आमच्या चपला सांभाळत होती; अनवाणी चढायची कल्पना भावाची, उन्हात तळपाय पोळले ते दोघांचे.

पण मला सगळ्यात भावली ती क्रुम्बिगेल यांची गोष्ट. हा जर्मन माणूस लंडनच्या क्यू बागेत काम करून १८९३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आला आणि तिथून १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात. बंगळूरच्या रस्त्यांवर झाडं लावताना त्याने हिशोब असा ठेवला, की एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा. आम्ही होतो तेव्हा टबेबुयाचा गुलाबी सडा पडला होता, जकरंदा जांभळा व्हायला लागला होता. दुसऱ्या दिवशी कब्बन पार्कात फिरताना हेच मनात घोळत होतं.

घरी आल्यावर भावाला म्हटलं, तुझी बाल्कनी क्रुम्बिगेल पद्धतीने लावू या. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात निशिगंध, थंडीत शेवंती, आणि मधल्या खिंडारांना सदाफुली. बाल्कनी पश्चिमेची, त्यामुळे ऊन भरपूर. अडचण होती ती कुंड्यांची. सगळ्या एकाच मापाच्या, आणि मोगऱ्याची कुंडी उलटी केली तर माती कमी आणि मुळांचा गोळाच जास्त. दोन कुंड्यांना तर तळाला भोकच नव्हतं. भावजय म्हणाली, "ताई, दुकानात छान दिसत होत्या हो." मग भोकं पाडणं, वर खापरीचा तुकडा, माती, शेणखत आणि कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, यातच बुधवार गेला.

गुरुवारी भावाने भिंतीला फळी ठोकायचं काढलं. शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं. पंधरा मिनिटं घरघर, धुरळा, आणि भिंतीला जेमतेम खळगा. "काँक्रीटचा कॉलम आहे," भावाने निदान केलं. बिट तापून निळं पडलं, तेव्हा आईने आतून विचारलं, "त्यावर हातोडीचं चित्र आहे, ते कशासाठी असतं?" काँक्रीटला ठोके देत भोक पाडणारा हॅमर मोड बंदच होता. तोवर बिटाचं टोक गेलं होतं. फळीचा नाद सोडून लोखंडी स्टँड जमिनीवरच ठेवला. तेच बरं झालं. ओल्या मातीच्या कुंड्यांचं वजन त्या फळीने पेललं असतं असं मला वाटत नाही.

त्या रात्री आई झोपली असं समजून आम्ही बैठक मांडली. मधली बहीण फोनवर. माझ्याच डोक्यात ते बहराचं वेळापत्रक, म्हणून मीच सुचवलं: चार महिने माझ्याकडे, चार बहिणीकडे, उन्हाळ्याचे चार इथे. कुणालाच भार नाही. बहीण म्हणाली, पावसाळा मला नको, घर गळतं. भाऊ म्हणाला, मे महिन्यात आम्ही नसतो. तारखांची ओढाताण ऐन रंगात आली असताना दारातून आवाज आला.

"मी काय कुंडी आहे का, ऊन बघून हलवायला?"

पुढची पाच मिनिटं कुणी बोललं नाही. बहिणीने तर फोन म्यूट केला. आई पाणी पिऊन झोपायला गेली.

सकाळी तिने विषय काढला नाही, आम्हीही नाही. "मला परत त्या बागेत न्या," एवढंच म्हणाली. लालबागेतल्या नर्सरीत सगळ्या फुललेल्या रोपांकडे पाठ फिरवून तिने कांद्यासारखा एक कंद उचलला. मे फ्लॉवरचा. वर्षातून एकदाच फुलतो, लाल चेंडूसारखा. घरी येऊन स्वतःच्या हाताने तो कुंडीत लावला, स्टँडच्या कोपऱ्यात ठेवला आणि भावाला बजावलं, "पाणी बेताने घाल, कुजवशील. कोंब दिसला की मला फोन कर."

"आणि फुलल्यावर?" त्याने विचारलं.

"तिकीट काढून ठेव. जायचं-यायचं, दोन्हीकडचं."

काल रात्री भावाने फोटो पाठवला. मातीच्या वर नखाएवढं हिरवं टोक आहे. आईला अजून दाखवलेला नाही. तो म्हणतो, आधी सुट्ट्या बघतो.